ऑलिंपिकच्या आइस हॉकीत देश कसे पोहोचतात : पात्रतेचे गणित स्वतः कसे मांडावे

फेब्रुवारी २०२६ मधील मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकसाठी पुरुषांच्या आइस हॉकीत बारा संघ पात्र ठरले. या बारांमध्ये फ्रान्स होता, जो मे २०२५ मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या वरच्या फळीतून खाली घसरला होता. इटली होता, जो त्याआधीची तीन वर्षे दुसऱ्या फळीतच खेळत होता. हंगेरी आणि स्लोव्हेनिया मात्र नव्हते, आणि हे दोन्ही संघ २०२५ मध्ये वरच्या फळीत टिकून राहिले होते. ही यादी प्रथमदर्शनी अन्यायकारक वाटते. पण नियम हाती घेऊन एकेक जागा तपासली की प्रत्येक संघ तिथे का आहे किंवा का नाही हे नेमके सांगता येते. ते कसे तपासावे, कोणत्या क्रमाने तपासावे आणि फसगत कुठे होते, हे पुढे दिले आहे.

आधी तारीख पाहावी, मग क्रमवारी

पात्रतेचा विचार करताना बहुतेक जण आजची जागतिक क्रमवारी उघडतात आणि तिथेच चुकतात. ऑलिंपिकसाठी आजची क्रमवारी उपयोगाची नसते. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाने ठरवून दिलेल्या एका विशिष्ट स्पर्धेनंतरची, गोठवलेली क्रमवारी धरली जाते. २०२६ च्या ऑलिंपिकसाठी ही क्रमवारी मे २०२३ मधील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेनंतरची होती. याचा अर्थ असा, की २०२४ मध्ये प्राग येथे मिळवलेले सुवर्णपदक असो किंवा २०२५ मध्ये कॅनडाला उपांत्यपूर्व फेरीत हरवून डेन्मार्कने पटकावलेले चौथे स्थान असो, २०२६ ची थेट जागा मिळवण्यासाठी या दोन्हींचा काडीचाही उपयोग नव्हता. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकसाठी तर ही तारीख आणखी मागे, २०१९ मध्ये होती.

म्हणून कोणत्याही स्पर्धेची पात्रता समजून घेताना पहिला प्रश्न हा विचारावा : कोणत्या दिवसाची क्रमवारी धरली आहे? त्याचे उत्तर मिळाले की अर्धे कोडे सुटते. माझ्या मते या पद्धतीतील सर्वांत मोठा दोषही इथेच आहे. संघाची निवड होते ती स्पर्धेच्या वेळी तो किती चांगला आहे यावर नव्हे, तर तीन ते सहा वर्षांपूर्वी तो किती चांगला होता यावर. मात्र पात्रता फेऱ्यांची तरतूद असल्याने हा दोष काही अंशी भरून निघतो, ते पुढे येईलच.

क्रमवारीचे गुण कसे मोजावेत

क्रमवारीत प्रत्येक सामन्याचे गुण धरले जात नाहीत. स्पर्धेच्या अखेरीस संघ कितव्या स्थानावर राहिला एवढेच पाहिले जाते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या किंवा ऑलिंपिकच्या विजेत्याला १,२०० गुण मिळतात, उपविजेत्याला १,१६०, कांस्यपदक विजेत्याला १,१२० आणि चौथ्या संघाला १,१००. पाचव्याला १,०६० आणि तिथून प्रत्येक स्थानामागे वीस गुण कमी होत आठव्याला १,००० मिळतात. नवव्या संघाचे गुण मात्र एकदम ९६० वर येतात. आठव्या आणि नवव्या स्थानांमधले हे चाळीस गुणांचे अंतर मुद्दाम ठेवलेले आहे, कारण आठवा संघ उपांत्यपूर्व फेरी खेळलेला असतो आणि नववा नसतो. नवव्यापासून पुढे पुन्हा वीस-वीस गुणांची उतरण असते. वरच्या फळीतील सोळाव्या म्हणजे शेवटच्या संघाला ८२० गुण मिळतात आणि दुसऱ्या फळीतील पहिल्या संघाला ८००.

त्यानंतर मागील चार वर्षांचे गुण एकत्र केले जातात, पण सारख्या वजनाने नाही. चालू वर्षाचे गुण पूर्ण धरतात, त्याआधीच्या वर्षाचे पंचाहत्तर टक्के, त्याआधीचे निम्मे आणि चौथ्या वर्षाचे पंचवीस टक्के. लात्व्हियाने २०२३ मध्ये अमेरिकेला ४-३ असे हरवून कांस्यपदक जिंकले, तेव्हा त्याचे १,१२० गुण झाले. पुढच्या वर्षी त्याच पदकाचे ८४० उरले, मग ५६०, मग २८०, आणि पाचव्या वर्षी ते हिशेबातून पूर्णपणे गेले.

या वजनाचा परिणाम किती होतो हे पाहण्यासाठी कागदावर एक उदाहरण मांडून पाहावे. समजा, एक संघ सलग चार वर्षे दहावा आला. दहाव्या स्थानाचे ९४० गुण आहेत, तेव्हा त्याची बेरीज ९४० अधिक ७०५ अधिक ४७० अधिक २३५, म्हणजे २,३५० होते. दुसरा संघ तीन वर्षे बारावा आला आणि एकदाच त्याने कांस्यपदक मिळवले. ते कांस्यपदक याच वर्षी मिळाले असेल तर त्याची बेरीज १,१२० अधिक ६७५ अधिक ४५० अधिक २२५, म्हणजे २,४७० होते आणि तो पहिल्या संघाच्या पुढे जातो. तेच पदक चार वर्षांपूर्वीचे असेल तर बेरीज ९०० अधिक ६७५ अधिक ४५० अधिक २८०, म्हणजे २,३०५ भरते आणि तो मागे पडतो. कामगिरी तीच, पदकही तेच. फक्त ते केव्हा मिळाले यावर थेट पात्रता आणि पात्रता फेरी यांतला फरक ठरू शकतो. ज्या वर्षी ऑलिंपिक असते त्या वर्षी दोन स्पर्धांचे गुण मिळतात, हेही बेरीज करताना विसरू नये.

बारा जागांची वाटणी

पुरुषांच्या ऑलिंपिक स्पर्धेत गेल्या काही वेळा बारा जागा एकाच साच्यात वाटल्या गेल्या आहेत : क्रमवारीतील पहिले आठ संघ, एक यजमान, आणि पात्रता फेऱ्यांतून येणारे तीन. वाचकाने ही वाटणी कागदावर मांडावी आणि एकेक नाव भरत जावे. २०२२ साठी आठ नावे कॅनडा, रशिया, फिनलंड, स्वीडन, चेक प्रजासत्ताक, अमेरिका, जर्मनी आणि स्वित्झर्लंड ही होती; यजमान चीन; आणि पात्रता फेऱ्यांतून स्लोव्हाकिया, लात्व्हिया व डेन्मार्क आले. डेन्मार्कच्या पुरुष संघाचे ते पहिलेच ऑलिंपिक.

यजमानाच्या जागेबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ती गृहीत धरण्यासारखी नाही. २००६ मध्ये तुरिनला इटली यजमान म्हणूनच खेळला. त्यानंतर यजमानाला आपोआप प्रवेश देण्याची प्रथा बंद करण्यात आली. २०१८ चे ऑलिंपिक दक्षिण कोरियातील प्योंगचांगला गेल्यावर हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कोरियाचा संघ त्या वेळी फार मागे होता. एप्रिल २०१४ मध्ये तर तो आपल्याच देशात झालेल्या दुसऱ्या फळीच्या स्पर्धेत शेवटचा येऊन एक पायरी खाली गेला. त्याच वर्षी महासंघाने कोरियाला यजमान म्हणून प्रवेश मान्य केला आणि जिम पेक या कोरियन वंशाच्या, एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये खेळलेल्या माजी खेळाडूकडे संघाची सूत्रे आली. कोरियाने २०१५ मध्ये गेलेली पायरी परत मिळवली आणि एप्रिल २०१७ मध्ये कीव येथे अखेरच्या सामन्यात युक्रेनला शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर एकेका खेळाडूने गोलरक्षकासमोर घेतलेल्या फटक्यांत, हरवून थेट वरच्या फळीत प्रवेश केला. यजमानपदाने दिलेली जागा नंतर मैदानावर कमावता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

चीनची कथा अशी गोड झाली नाही. बीजिंगमध्ये अमेरिकेने त्यांना ८-० असे हरवले, कॅनडाने ५-० आणि पुन्हा ७-२ असे हरवले. जर्मनीविरुद्ध मात्र ते ३-२ असे थोडक्यात हरले.

आता २०२६ ची यादी भरावी. क्रमवारीवरून कॅनडा, फिनलंड, अमेरिका, जर्मनी, स्वीडन, स्वित्झर्लंड आणि चेकिया (म्हणजेच चेक प्रजासत्ताक) ही सात नावे मिळतात, यजमान इटली, आणि पात्रता फेऱ्यांतून पुन्हा तेच तीन : स्लोव्हाकिया, लात्व्हिया, डेन्मार्क. एकूण अकरा झाले. बारावी जागा रशियाच्या वाट्याची होती. फेब्रुवारी २०२२ मधील युक्रेनवरील आक्रमणानंतर रशिया आणि बेलारूस यांच्या संघांना महासंघाच्या स्पर्धांतून बाहेर ठेवण्यात आले आणि ही बंदी ऑलिंपिकलाही लागू राहिली, तेव्हा ती जागा फ्रान्सला मिळाली. म्हणजे घसरलेला फ्रान्स यादीत का, याचे उत्तर फ्रान्सच्या मे २०२५ मधील खेळात शोधून सापडणार नाही. संघ बाद झाल्यास जागा कोणाकडे जाते हा प्रश्न म्हणूनच वेगळा विचारावा लागतो.

पात्रता फेऱ्यांचे तक्ते कसे वाचावेत

क्रमवारीत पहिल्या आठांत नसलेल्या देशांसाठी पात्रता फेऱ्यांची शिडी असते. ती खालून सुरू होते. सर्वांत कमी क्रमांकाचे संघ आधी खेळतात, त्यांच्यातील गटविजेते पुढच्या फेरीत थोड्या वरच्या संघांना भेटतात, आणि शेवटी अंतिम फेरीत चार-चार संघांचे तीन गट उरतात. २०२६ साठी डिसेंबर २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मधील फेऱ्यांनंतर अंतिम फेरी ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ब्रातिस्लावा (स्लोव्हाकिया), रिगा (लात्व्हिया) आणि आल्बोर्ग (डेन्मार्क) येथे झाली. ऑगस्टची अखेर ही वेळ सोयीची असते, कारण एनएचएलचा हंगाम तेव्हा सुरू झालेला नसतो आणि देशांना आपले उत्तम खेळाडू बोलावता येतात.

अंतिम फेरीत प्रत्येक संघ गटातील इतर तिघांशी एकेकदा खेळतो आणि केवळ पहिला संघ ऑलिंपिकला जातो. नियमित साठ मिनिटांत जिंकल्यास तीन गुण, अतिरिक्त वेळेत किंवा शूटआउटमध्ये जिंकल्यास दोन, तसे हरल्यास एक, आणि नियमित वेळेत हरल्यास शून्य. प्रत्येक सामन्यात मिळून तीनच गुण वाटले जातात, ही गोष्ट लक्षात ठेवली की शेवटच्या दिवसाचे गणित कोणालाही करता येते.

समजा, शेवटच्या दिवशी पहिल्या दोन संघांची गाठ आहे. एकाचे सहा गुण आहेत आणि दुसऱ्याचे पाच. पाचवाल्याने कसाही विजय मिळवला तरी तो पुढे जातो : नियमित वेळेत जिंकला तर आठ विरुद्ध सहा, आणि शूटआउटमध्ये जिंकला तर सात विरुद्ध सात, ज्यात परस्परांतील सामना त्याने जिंकलेला असल्याने तोच वर राहतो. पण दुसऱ्याचे पाचऐवजी चार गुण असतील तर चित्र पालटते. शूटआउटमध्ये जिंकून त्याचे सहा होतात आणि हरलेल्याचे सात. म्हणजे सामना जिंकूनही तो स्पर्धेबाहेर. अशा संघाला साठ मिनिटांच्या आतच जिंकणे भाग असते, आणि म्हणूनच कधीकधी बरोबरी असतानाही प्रशिक्षक शेवटच्या दोन मिनिटांत गोलरक्षकाला बाहेर बोलावून त्याच्या जागी सहावा आक्रमक उतरवतो. गुणतक्ता न पाहिलेल्या प्रेक्षकाला तो वेडेपणा वाटतो; तक्ता पाहिलेल्याला दुसरा मार्गच दिसत नाही.

तीन संघांचे गुण समान झाल्यास चौथ्या संघाविरुद्धचे सर्व निकाल बाजूला ठेवले जातात आणि फक्त त्या तिघांच्या आपसांतील सामन्यांचा एक छोटा तक्ता केला जातो. त्यात आधी गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल पाहतात. उदाहरणार्थ, पहिल्याने दुसऱ्याला ४-१, दुसऱ्याने तिसऱ्याला २-१ आणि तिसऱ्याने पहिल्याला ३-२ असे हरवले, आणि तिघांनीही चौथ्याला नियमित वेळेत हरवले, तर तिघांचे गुण सहा-सहा होतात. आपसांतील गोलफरक मात्र पहिल्याचा अधिक दोन, तिसऱ्याचा शून्य आणि दुसऱ्याचा उणे दोन येतो, म्हणून पहिला संघ जातो. तिसऱ्याने चौथ्या संघावर दहा गोल चढवले असले तरी त्याला त्याचा काही लाभ नाही. दुबळ्या संघाला झोडपून गोलफरक वाढवण्याचा मोह या नियमाने बराच कमी केला आहे, आणि तो चांगला नियम आहे असे मला वाटते.

गटाचे सामने कोणाच्या घरी आहेत याला किती महत्त्व द्यावे? २०२४ मध्ये तिन्ही यजमान जिंकले. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जर्मनीने लात्व्हियाला रिगामध्ये मागे टाकले आणि स्लोव्हेनियाने बेलारूसला मिन्स्कमध्ये शूटआउटवर हरवले. २०२१ मध्ये डेन्मार्कने नॉर्वेला ऑस्लोत मागे टाकून जागा पटकावली. घरचे प्रेक्षक उपयोगी पडतात, पण तीनच सामन्यांच्या गटात एक वाईट संध्याकाळ सारे घालवू शकते.

या मागच्या दाराने आलेल्यांना कमी लेखू नये. २०१६ च्या त्या पात्रता फेरीतून आलेला जर्मनी २०१८ मध्ये अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि रशियाच्या खेळाडूंच्या संघाकडून अतिरिक्त वेळेत ४-३ असा हरून रौप्यपदक घेऊन परतला. २०२१ मध्ये पात्रता फेरी खेळलेल्या स्लोव्हाकियाने बीजिंगमध्ये स्वीडनला ४-० असे नमवून कांस्यपदक जिंकले. क्रमवारी मागे पाहते आणि पात्रता फेरी त्यातल्या त्यात ताजी असते, हे या दोन पदकांइतके दुसरे काही दाखवत नाही.

जागतिक अजिंक्यपदाची शिडी वेगळी आहे

दरवर्षी होणाऱ्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी पात्रता फेरी नसते. तिथे बढती आणि अवनती चालते. वरच्या फळीत सोळा संघ आठ-आठच्या दोन गटांत खेळतात आणि प्रत्येक गटातील तळाचा संघ डिव्हिजन वन ए मध्ये, म्हणजे दुसऱ्या फळीत जातो. तिथले पहिले दोन वर येतात. २०२५ मध्ये फ्रान्स आणि कझाकस्तान खाली गेले, ग्रेट ब्रिटन आणि इटली वर आले. ऑलिंपिकची यादी आणि ही यादी एकमेकींशी जुळत नाहीत याचे कारण एवढेच, की पहिली काही वर्षांपूर्वीच्या क्रमवारीवर बसलेली असते आणि दुसरी दर मे महिन्यात बदलते.

इथेही यजमानाला संरक्षण आहे. २००९ मध्ये जर्मनीची अवनती व्हायला हवी होती, पण पुढच्या वर्षीचा यजमान तोच असल्याने तो वाचला आणि त्याच्याऐवजी ऑस्ट्रिया व हंगेरी खाली गेले. २०१० ची स्पर्धा गेल्सेनकिर्खेनच्या फुटबॉल मैदानावर ७७,८०३ प्रेक्षकांसमोर सुरू झाली आणि तोच जर्मनी शेवटी चौथा आला. ऑस्ट्रियाच्या समर्थकांना हे कसे वाटले असेल याची कल्पना करता येते.

महिलांच्या ऑलिंपिक स्पर्धेत दहा संघ असतात. त्यांची विभागणीही क्रमवारीवर होते : वरचे पाच एका गटात, बाकीचे पाच दुसऱ्यात, आणि पहिल्या गटातील पाचही संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात, तर दुसऱ्यातील फक्त तीन. त्यामुळे महिलांच्या बाबतीत क्रमवारीचे महत्त्व पात्रता मिळाल्यावरही संपत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये माँट्रियल आणि बोस्टन येथे कॅनडा, अमेरिका, स्वीडन आणि फिनलंड यांच्या पुरुष संघांत झालेली स्पर्धा मात्र एनएचएलने निमंत्रणावर भरवली होती. तिथे पात्रतेचा प्रश्नच नव्हता आणि तिचे गुण क्रमवारीत धरले जात नाहीत.

खेळाडू कोणाचा

संघ पात्र ठरला तरी कोणता खेळाडू त्याच्याकडून उतरू शकतो हे वेगळे तपासावे लागते. नागरिकत्व आवश्यक आहेच, पण ते पुरेसे नाही. नवीन नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूने त्या देशातील स्पर्धांत सलग दोन वर्षे खेळलेले असावे लागते; आधी दुसऱ्या देशाकडून महासंघाच्या स्पर्धेत खेळला असेल तर ही अट चार वर्षांची होते. २०२२ च्या चिनी संघातील परदेशात जन्मलेले अनेक खेळाडू कुनलुन रेड स्टार या चिनी क्लबकडून काही हंगाम खेळून या अटीत बसले होते.

भारत या शिडीवर कुठे आहे

भारत १९८९ पासून महासंघाचा सदस्य आहे आणि देशातील हा खेळ मुख्यतः लडाखमध्ये, त्याखालोखाल हिमाचलमधील स्पितीत रुजलेला आहे. २०२५ मध्ये भारतीय महिलांनी संयुक्त अरब अमिरातीत अल ऐन येथे झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. परंतु आशियाई चषकाचे निकाल जागतिक क्रमवारीत मोजले जात नाहीत. तिथे गुण मिळतात ते जागतिक अजिंक्यपद आणि ऑलिंपिक यांच्या मार्गानेच. २०२५ पर्यंत भारताचा पुरुष किंवा महिला संघ जागतिक अजिंक्यपदाच्या कोणत्याही फळीत खेळलेला नव्हता, म्हणून क्रमवारीच्या यादीत त्याचे नाव शोधून सापडत नाही.

पुरुषांसाठी पहिली पायरी डिव्हिजन फोर आहे, जिथे अलीकडे कुवेत, मलेशिया, इंडोनेशिया यांसारखे देश खेळले आहेत. तिथून वर थ्री बी, थ्री ए, टू बी, टू ए, वन बी, वन ए आणि मग वरची फळी. एका वर्षात एकच पायरी चढता येते, म्हणजे एकदाही न अडखळता सात वर्षे. ऑलिंपिकची पात्रता फेरी त्या मानाने जवळची आहे, कारण तिच्या पहिल्या टप्प्यात खालच्या पायऱ्यांवरचे देशच एकमेकांशी खेळतात. पण त्यासाठी आधी वर्षभर वापरता येईल असा बंदिस्त बर्फाचा रिंक आणि तिथे सराव केलेला संघ हवा. लडाखमधील गोठलेल्या तळ्यांवरचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा असतो, आणि देहरादूनचा २०११ मध्ये बांधलेला रिंक अनेक वर्षे बंद राहून २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाला.